माझ्यातून न गेलेली लाट

मित्रांनो, करंगळीच्या नखावर मावेन एवढा सिलिकॉनचा एक तुकडा आहे मी. आता जुना झालो आहे. माझ्या एका कडेला तपकिरी फोड आले आहेत. शहापूरजवळच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या एका डबीत मी राहतो. शिकवताना मॅडम कधी कधी मला बाहेर काढतात आणि माझ्याबद्दल थोडं सांगतात. बरंचसं मात्र मनातच ठेवतात. ते राहिलेलं आज मी सांगणार आहे. त्यात कौतुक थोडंच आहे.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत झाला. हवा काढून घेतलेल्या एका पोलादी भांड्यात मला ठेवलं होतं. समोरच्या धातूवर वायूच्या कणांचा मारा चालला होता आणि उडालेले अणू माझ्यावर येऊन बसत होते. आधी लोखंड आणि निकेल यांचा मिळून एक थर बसला. त्यावर रुथेनियम नावाच्या धातूचा, असून नसल्यासारखा पातळ थर बसला. मग कोबाल्टचा, आणि सर्वांत वर गंज लागू नये म्हणून एक पांघरूण. हे सगळे थर एकावर एक ठेवले तरी तुमच्या केसाच्या हजाराव्या भागाइतकीही जाडी भरत नाही. शेवटी माझ्या पाठीवर सोन्याच्या दोन बारीक तारा उमटवल्या. एक लाट सोडणारी, दुसरी लाट झेलणारी.

मला घडवणाऱ्या मुलीचं नाव तेजस्विनी धकाते. ती पवनीची. तिचे वडील मधुकरराव हातमागावर कापड विणत आणि आई सत्यभामाबाई कांड्या भरून देत. एम.एस्सी.च्या पुढे शिकलेली त्या घरातली ती पहिलीच. माझ्याआधी तिने अकरा तुकडे केले होते. कुणाचे थर सुटले, कुणाची तार तुटली. बारावा मी. मी साधलो त्या दिवशी तिने मेसमधून दोन वेळा भात मागून घेतला, असं ती नंतर आईला सांगत होती.

आता माझं काम सांगतो. माझ्या थरांतला प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. बाहेर मोठा चुंबक लावला की सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. मग पहिल्या तारेत वीज थरथरली की तिच्याखालचा चुंबक डुलतो. त्याच्यामुळे शेजारचा डुलतो, त्याच्यामुळे त्याच्या पलीकडचा. जागचा कुणीच हलत नाही, डुलणं तेवढं पुढे जातं. हीच चुंबकी लाट. एका दिशेने जाणारी लाट माझ्या वरच्या थराला बिलगून जाते आणि उलट येणारी खालच्या थराला. दोन्ही थर सारखे नाहीत. म्हणून एका बाजूने लाट जोरात पोचते, दुसऱ्या बाजूने दबकत. एकीकडे सोडणारा आणि दुसरीकडे अडवणारा असा तुकडा नीट साधला, तर पुढची यंत्रं कमी तापतील, कमी वीज खातील, असं तेजस्विनीचे सर सांगत.

जानेवारीत माझी पहिली मोजणी झाली. जाताना लाट येतानापेक्षा पाचपट जोरात पोचली. सर खुर्चीतून उठलेच.

तेजस्विनीने मात्र विचारलं, "सर, हा फरक तुकड्याचा की आपल्या तारांचा, ते कसं कळणार?"

तिचा प्रश्न रास्त होता. जोडणीची एक तार चांगली आणि दुसरी वाईट असेल तरी असाच फरक दिसतो. ओळखायचा मार्ग एकच. बाहेरचा चुंबक उलटा करायचा. फरक माझ्यातला असेल तर बाजू बदलेल, म्हणजे जाणारी लाट दबेल आणि येणारी चढेल. तारांचा दोष असेल तर तो आहे तिथेच राहील. पण चुंबक विजेवर चालणारा, त्याचा प्रवाह उलटा करणारा स्विच जळला होता आणि नवा यायला एप्रिल उजाडणार होता. सरांना थांबायचं नव्हतं. त्यांनी मार्चच्या सुरुवातीलाच तिचं नाव पहिलं घालून लेख एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवून दिला.

आणि मग टाळेबंदी आली. वसतिगृह दोन दिवसांत रिकामं करायचं होतं. प्रयोगशाळेतलं कोरड्या हवेचं कपाट बंद राहणार, म्हणून तेजस्विनीने मला डबीत घातलं, सोबत ओल शोषणारी पुडी टाकली आणि पवनीला आणलं.

पवनीच्या त्या घरात माग खड्ड्याचा होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पण सूत येणं थांबलं होतं. मधुकरराव रिकामे बसून मागाचं लाकूड पुसत राहायचे. एकदा त्यांनी कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं आणि मला त्याखाली धरलं.

"याच्यात तं काईच दिसत नाही बाप्पा," ते म्हणाले.

"थर आहेत बाबा. भिंगातून नाही दिसत ते."

"असे कितीक बनवले?"

"चांगला हा एकच."

"मंग जपून ठेव," म्हणत त्यांनी मला दोन बोटांनी नाही, तळहातावर घेऊन परत डबीत ठेवलं.

मे महिन्यात नियतकालिकाचं उत्तर आलं. लेख आवडला होता. पण तपासणाऱ्यांपैकी एकाने नेमकं तेच विचारलं होतं: चुंबक उलटा करून पाहिलात का? आलेख जोडा. मुदत तीन आठवड्यांची.

भर दुपारी सरांचा फोन आला. पंखा कुरकुरत होता, म्हणून तिने आवाज मोठा केला, आणि मी सगळं ऐकलं.

"सर, मुदत वाढवून मागू या ना. प्रयोगशाळा उघडली की मी लगेच मोजते."

"कधी उघडणार ते कुणाला ठाऊक आहे? तोवर दुसरं कुणीतरी छापून मोकळं होईल. हे बघ तेजस्विनी, तो फरक खरा आहे यावर तुझा विश्वास आहे ना?"

"आहे सर, पण..."

"मग उलटं केल्यावर काय दिसणार तेही तुला माहीत आहे. जे दिसणारच आहे ते काढायला हरकत काय? जाणाऱ्याच्या जागी येणारं घाल. तुझ्या फेलोशिपची मुदत ऑगस्टमध्ये संपते, हे मी तुला सांगायला नको."

फोन बंद झाला. तिने मागाच्या फळीवर लॅपटॉप ठेवला आणि जानेवारीचे जुने आकडे उघडले. उजवीकडचे डावीकडे नेले, डावीकडचे उजवीकडे. दोन्ही आलेख अगदी आरशातल्यासारखे दिसू नयेत म्हणून काही टोकं जराशी वर केली, काही खाली. तासाभराचं काम होतं. मी तिच्याच शेजारी, डबीत होतो.

सत्यभामाबाई पाणी घेऊन आल्या. "काय करून राहिली वं तेजू, जेवली बी नाही."

"चित्र काढून राहिली आई."

मित्रांनो, त्या दुपारी माझ्यातून एकही लाट गेली नव्हती. माझ्या नावाने मात्र दोन लाटा जगभर जायला निघाल्या.

जुलैत लेख छापून आला. दूरदूरच्या लोकांचे अभिनंदनाचे ईमेल आले. एका स्थानिक पेपरवाल्याने घरी येऊन तिचा फोटो काढला. चिमट्यात मला धरून ती उभी आहे आणि मागे हातमाग आहे. 'पवनीच्या विणकर-कन्येची भरारी' असा मथळा होता. सत्यभामाबाईंनी तो कागद देवघराशेजारी चिकटवला. शेजारच्या बायका यायच्या आणि मला पाहायला मागायच्या. माझं एवढं कौतुक आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. आणि त्याच दिवसांत तेजस्विनीने मला पाहणं सोडलं. कुणी मागितलं की ती आईला म्हणायची, "तूच दाखव." पुडी ओली झाली होती, ती बदलायचंही तिने सोडून दिलं. तिचं जेवण कमी झालं. ईमेल उघडायच्या आधी ती दोन्ही हात मांडीवर पुसायची.

ऑगस्टच्या शेवटी वैनगंगा चढली. पवनीच्या माणसांना नदी नवी नाही. पण त्या वेळी पाणी थांबेचना. सकाळी गल्लीच्या तोंडाशी होतं, दहा वाजेपर्यंत उंबऱ्याला लागलं. भोंगा लावलेली गाडी वरच्या रस्त्यावरून ओरडत फिरत होती. सत्यभामाबाईंनी कागदपत्रं आणि तांदूळ बांधले. मधुकररावांनी मागाची फणी सोडवून घेतली. टाळेबंदी सैल झाल्यावर मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा तसाच राहिला. तो सोडवायला वेळ नव्हता.

"तेजू, चाल लवकर! पाणी आत येऊन राहिलं!"

तिने लॅपटॉप खांद्याला लावला होता. मी भिंतीतल्या फळीवर होतो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिने हात वर केला. तिची बोटं माझ्या डबीच्या झाकणाला लागली आणि तिथेच थांबली. मग हळूच मागे गेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पाण्यातून चालत बाहेर पडली.

ती मला विसरली नव्हती. मी नाहीसा झालो असतो, तर त्या आलेखाला कधीच कुणी खोटं म्हणू शकलं नसतं.

पाणी फळीच्या वर चढलं. डबी तरंगली, कुठेतरी आपटली, झाकण सैल झालं. दोन दिवस मी गढूळ पाण्यात होतो. वरच्या पांघरुणाने माझा मधला भाग वाचवला, पण कडेने पाणी थरांच्या मध्ये शिरलं आणि तिथे लोखंडाला गंज धरला. नंतर पाणी उतरलं आणि माझ्यावर गाळ बसला.

धकाते मंडळी वरच्या आळीत, सत्यभामाबाईंच्या बहिणीकडे, देवकाबाईंकडे उतरली होती. मधुकरराव रोज सकाळी घरी जाऊन घमेल्याने गाळ काढत. चौथ्या दिवशी मागाच्या खड्ड्यात त्यांच्या हाताला डबी लागली. त्यांनी मला हंड्यातल्या स्वच्छ पाण्याने धुतलं, धोतराच्या कोरड्या सोग्यावर टिपलं आणि तसेच चिखलाच्या पायांनी देवकाबाईंच्या ओसरीवर आले.

"हे घे, तुयं हाये ना? गाळात भेटलं."

तेजस्विनीने हात पुढे केला नाही. "बाबा, तुमचा ताणा?"

"ताणा गेला सारा, सडला. तो होते पुन्हा. हे एकच हाये म्हणली होतीस तू."

ती खाली बसली. "मी विसरली नव्हती बाबा. मी मुद्दाम ठेवून आली होती त्याले."

"काहून?"

मग तिने सगळं सांगितलं. स्विच, सरांचा फोन, डावीकडचे उजवीकडे नेलेले आकडे. मधुकररावांना त्यातलं निम्मं कळलं नसेल.  सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेला. पेपरातलं ते कात्रण पुराबरोबरच गेलं होतं.

"म्हणजे पेपरात आलं ते खोटं होतं का?" मधुकररावांनी विचारलं.

"माहीत नाही बाबा. खरंही असेल. मी पाहिलंच नाही."

"मंग आता पाहून घे ना. हाये तं हातात."

"आता तो खराब झाला असेल."

"खराब झाला का नाही, हे बी तुले पाहूनच समजन ना?" एवढं बोलून ते पुन्हा गाळ काढायला निघून गेले.

ऑक्टोबरात संस्था थोडी उघडली. तेजस्विनी मला घेऊन एसटीने आणि मग रेल्वेने गेली. नवा स्विच बसवलेला होता. तिने आधी चुंबक जानेवारीत होता तसाच ठेवला. माझ्यातून लाट गेली, आली. फार क्षीण होती, पण प्रमाण तेच, पाचपट. तिने सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. मी अजून जिवंत होतो आणि जानेवारीत जे सांगितलं होतं तेच सांगत होतो.

मग तिने चुंबक उलटा केला.

बाजू बदललीच नाही. जाणारी लाट अजूनही येणारीपेक्षा थोडी वरच होती, सव्वापट. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सव्वापट. दिवसभरात तिने तेरा वेळा मोजलं. मग कागदावर हिशेब मांडला. माझा स्वतःचा फरक फक्त दुपटीचा होता. उरलेला अडीचपट त्या जोडणीच्या तारांचा; चुंबक सरळ असताना दोन्ही मिळून पाचपट होत होते, उलटा केल्यावर एकमेकांना छेद देऊन सव्वापट. तिने काढलेल्या चित्रासारखं काहीच नव्हतं.

सर आले. त्यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"याला गंज लागलाय. पाण्यात बुडालेल्या तुकड्याची मोजणी कोण मानणार? सोडून दे."

"सर, चुंबक सरळ असताना त्याने जुनाच आकडा दिला. गंजाने काही बदललेलं नाही."

"तेजस्विनी, लेख छापून झाला आहे."

"मी नियतकालिकाला कळवणार आहे, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कळव. पण एक लक्षात ठेव. ते चित्र तू काढलंस, तुझ्या घरी, तुझ्या लॅपटॉपवर. मला ते खरं वाटलं होतं, एवढंच मी सांगेन."

त्यांनी तेवढंच सांगितलं. तिने पत्र पाठवलं, त्यात आपण काय केलं ते लिहिलं आणि नवी मोजणी जोडली. बऱ्याच महिन्यांनी लेख मागे घेतला गेला. तिचं पत्र दुरुस्ती म्हणून छापलं गेलं. चौकशी बसली. फोनवरच्या बोलण्याला साक्षीदार मी एकटाच, आणि मला कोण विचारणार? सर आपल्या खुर्चीवर राहिले. तेजस्विनीची नोंदणी रद्द झाली. निघताना तिने माझ्यासाठी अर्ज केला. मी निकामी आहे असा शेरा मारून त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

पवनीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. पूर्वी मला पाहायला येणाऱ्या बायका आता सत्यभामाबाईंना पाहून आवाज खाली करत. तेजस्विनी दोन महिने घराबाहेर पडली नाही. मधुकरराव नवा ताणा करत होते, ती त्यांना धागे मोजून द्यायची. पुढच्या वर्षी तिला शहापूरजवळच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. मुलाखतीत तिने सगळं आपणहून सांगितलं. प्राचार्यांनी तिचे कागद चाळले. मग म्हणाले, "प्रयोगशाळेचे तास घ्याल का?"

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण नोकरी लागून सहा महिने झाले असतील, तेव्हा तिला एक ईमेल आला. दक्षिणेकडच्या कुठल्याशा संस्थेतली एक संशोधक मुलगी होती, तिची आणि तेजस्विनीची ओळखही नव्हती. रविवारी पवनीच्या घरी तेजस्विनीने तो वडिलांना मराठीत सांगितला. मी तिच्या पिशवीत होतो.

त्या मुलीने लिहिलं होतं: "तुमचा पाचपट आकडा मिळवण्यासाठी मी सव्वा वर्ष तुकडे बनवले. एकोणीस बनवले. प्रत्येकात दुप्पटच येत होतं. माझ्या मार्गदर्शकांना वाटलं, माझ्या हातात कसब नाही. मलाही तसंच वाटलं, आणि मी काम सोडलं. तुमची दुरुस्ती परवा माझ्या वाचनात आली. तुम्हाला हे माहीत होतं, तर तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

मधुकररावांनी धोटा हातातच धरून ठेवला. "तिले उत्तर देलं का?"

"काय देऊ बाबा?"

"जसं झालं तसं दे."

"त्यानं तिचं गेलेलं वर्ष परत येते का?"

"नाही येत," ते म्हणाले. "पण ते पोरगी अजून सोतालेच दोष देत असन तं?"

तेजस्विनीला ते उत्तर लिहायला तीन दिवस लागले. पलीकडून काही आलं नाही. त्या मुलीने पुन्हा काम धरलं की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, आता माझ्यातून लाट जात नाही. गंज कडेवरून मध्यापर्यंत आला आहे. मला हाताळलंत तर चिमट्याने कडेला धरा, ओल शोषणारी पुडी बदला, झाकण घट्ट लावा. माझ्यासारख्यांना तेवढी माया पुरते. पण याहून मोठी एक विनवणी आहे. आम्हा वस्तूंना तोंड नसतं. तुम्ही मोजाल तेव्हाच आम्हाला बोलता येतं, आणि कधी कधी त्यासाठी तुम्हाला थांबावं लागतं, नावही मागे पडतं. तेवढं थांबा. आमचं उत्तर तुम्ही परस्पर लिहून टाकलंत, की ते कुठल्या परक्या गावातल्या, कुणाच्या हातावर जाऊन आदळेल, हे तुम्हाला कधीच दिसत नाही.

मला त्या एकोणीस तुकड्यांची फार आठवण येते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते एकोणीसही खरं बोलत होते. आणि माझ्यामुळे एकेक करून ते कचऱ्यात गेले.